गोणीचं वजन ठरलं, पेशंटचं कधी ठरणार?

१२ मे जवळ आला की रुग्णालयाच्या सूचनाफलकावर साधारण दोन कागद लागतात. एकावर जागतिक परिचारिका दिनाचा कार्यक्रम: दीपप्रज्वलन, नाइटिंगेलबाईंच्या प्रतिमेला हार, शपथ, सत्कार. दुसऱ्यावर ‘कंबरदुखी : कारणे आणि उपाय’ अशा नावाचं व्याख्यान, वक्ता एखादा फिजिओथेरपिस्ट किंवा योगशिक्षक. समोर नाइट नुकतीच सुटलेल्या सिस्टर्स जांभया आवरत बसलेल्या. गुडघ्यातून कसं वाकावं, वजन अंगालगत कसं धरावं, पोट कसं कमी करावं, हे सांगून होतं, अल्पोपाहार होतो आणि रात्री आठला नाइटची सिस्टर चाळीस-पन्नास पेशंटांच्या वॉर्डात पुन्हा एकटी उभी राहते.

वाद यानंतर सुरू होतो, आणि तो भलत्याच जागी रंगतो. एक गट विचारतो, कंबर कुणाची दुखत नाही? बँकेतल्या कारकुनाची दुखते, रिक्षावाल्याची दुखते. सिस्टरनी वजन उतरवावं, चालायला जावं, बाळंतपणानंतर नीट काळजी घेतली असती तर ही वेळ आली नसती. (सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेलं इंजेक्शन जन्मभर कंबर धरतं, हा समज तर खुद्द वॉर्डातही पक्का आहे. अभ्यासांनी त्याला दुजोरा दिलेला नाही.) दुसरा गट हळवा. त्याच्या लेखी परिचारिका म्हणजे त्यागमूर्ती, तिच्या वेदनेला वंदन केलं की विषय संपला. तिसरा आवाज संघटनांचा, आणि त्यांच्याबद्दल पूर्ण सहानुभूती बाळगूनही हे बोलायला हवं: जोखीम भत्ता वाढवून मागताना आपण असं कबूल करून बसतो की कंबर मोडायला हरकत नाही, फक्त दर ठरवून मोडा.

तिन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात. वजन आहे ते आहे, ते उचलायचंच आहे. प्रश्न उरतो तो उचलणारीच्या शरीराचा, मनाचा किंवा पगाराचा. मला हे गृहीतकच मान्य नाही. एका माणसानं नुसत्या हातांनी पेशंटचं किती वजन पेलायचं याची लेखी मर्यादा रुग्णालयांना कायद्यानं घालून द्यावी, आणि ती पाळता येईल इतकी माणसं नि साधनं पुरवणं व्यवस्थापनावर बंधनकारक करावं. व्याख्यानं त्याच्या नंतर. आधी वजन.

साठ किलोच्या माणसाचा एक पाय साधारण दहा किलोचा असतो, शरीराच्या वजनाचा जवळपास सहावा हिस्सा. प्लास्टर असेल तर आणखी जड. ड्रेसिंग करणाऱ्याला तो पाय अधांतरी हवा असतो आणि तो धरून सिस्टर मिनिट-दोन मिनिटं वाकलेली असते. आता याच्याशेजारी अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संशोधन संस्थेचं गणित ठेवून पाहा. वजन अंगालगत, धरायला चांगली मूठ, कंबर वळवायची नाही, वारंवार उचलायचं नाही, अशा आदर्श स्थितीत या संस्थेनं मर्यादा दिली २३ किलो. वजन शरीरापासून जितकं लांब, तितका हा आकडा उतरतो. तीन फूट रुंद खाटेच्या मधोमध झोपलेला पेशंट कडेला उभ्या सिस्टरपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर असतो. तिथं मर्यादा १३ किलोच्या आत येते, आणि यात अजून कंबर वळणं, पुन्हा पुन्हा वाकणं हे धरलेलंच नाही. २००७ साली याच संस्थेतले संशोधक थॉमस वॉटर्स यांनी खास पेशंट हाताळण्यासाठी कमाल आकडा सुचवला: ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो. तोही पेशंट सांगितलेलं ऐकणारा आणि अचानक हिसका न देणारा असेल तर. नुकत्याच भूल उतरलेल्या, किंवा दारू सुटल्यामुळे बरळणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा करून पाहावी.

माणसाचं शरीर हे ओझं म्हणूनही अडचणीचं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं १९६५ सालच्या एका संपादकीयात हे जवळजवळ विनोदी वाटेल अशा स्पष्टपणे मांडलं होतं: त्याला धरायला मूठ नाही, ते ताठ राहत नाही, आणि हातून सुटलं तर त्याची मोठी हानी होते. वॉर्डातलं सगळ्यात कंबरतोड काम तर बाहेरच्याला कामही वाटत नाही. ते म्हणजे पेशंटला ‘वर घेणं’. डोक्याकडची बाजू उचललेल्या खाटेवर माणूस हळूहळू पायाकडे घसरतो. मग दोन बाजूंनी दोघींनी चादर धरायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि ओढायचं. ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मारस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली पेशंट हलवण्याच्या आणि वर घेण्याच्या प्रचलित पद्धती प्रयोगशाळेत मोजल्या, एकटीनं केलेल्या आणि दोघींनी केलेल्याही. दोघी असल्या की मणक्यावरचा भार घटला, पण धोका गेला नाही. निष्कर्ष असा निघाला की हातांनी करायची एकही पद्धत सुरक्षित म्हणावी अशी नाही. म्हणजे व्याख्यानात जे ‘योग्य तंत्र’ शिकवतात, ते योग्य पद्धतीनं केलं तरी वजन जास्तच आहे. आणि आपल्याकडे खाट वर-खाली करायचा हँडल बहुधा गंजलेला, नाहीतर मुळातच नसलेला. सरकारी वॉर्डात तर दोन खाटांच्या मधल्या फ्लोअर बेडवर पेशंट असतो. त्याला सलाईन लावताना, कॅथेटर घालताना, त्याच्याखालची चादर बदलताना कमरेचा कोन किती होतो याचं कोष्टक कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. ते ‘सिस्टर आळशी असतात’ हे नाही, तो नुसता कुत्सितपणा झाला. बळकट म्हणणं असं: कंबरदुखी हा जगातला सगळ्यात मोठा अपंगत्वकारक आजार आहे. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, आणि त्यातले बहुसंख्य लोक परिचारिका नव्हते. एमआरआयवर डिस्क झिजलेली दिसली म्हणून कामानंच झिजली असं म्हणता येत नाही, कारण काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिकांच्या एमआरआयवर अशी झीज दिसते. ताण, अपुरी झोप, कामावर आपलं काही चालत नसल्याची भावना, यांचा कंबरदुखीशी संबंध बऱ्यापैकी सिद्ध आहे. एवढंच काय, २०१० साली कॅनडातल्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास तपासून असा निर्वाळा दिला की पेशंट हाताळणं हे कंबरदुखीचं स्वतंत्र कारण असण्याची शक्यता कमी दिसते. हा पुरावा झाकून ठेवून नर्सेसची बाजू मांडणारे लोक आपलीच बाजू कमकुवत करतात.

पण ‘स्वतंत्र कारण’ ही कसोटी कुठल्या प्रश्नासाठी आहे? एखाद्या एका सिस्टरची कंबर नेमकी कशानं गेली, हे न्यायालयात सिद्ध करायचं असेल तर ती महत्त्वाची. वॉर्ड कसा चालवावा हे ठरवताना तिचा उपयोग काय? अशा अभ्यासांत ओझ्याचं मोजमाप बहुतेक वेळा प्रश्नावलीवरून होतं: आपण दिवसातून किती वेळा पेशंट उचलता? शिवाय ज्यांची कंबर खरोखर गेली त्या पाहणीत सापडतच नाहीत. कुणी लाइट ड्युटी मागून ओपीडीत गेली, कुणी मुदतीआधी स्वेच्छानिवृत्ती घेतली, खासगीतली कुणी नोकरी सोडून घरी बसली. वॉर्डात उरतात त्या टिकलेल्या, आणि टिकलेल्यांना मोजून आपण म्हणतो, बघा, फारसा फरक नाही. आधी कंबर ठीक असलेल्यांवर पुढे लक्ष ठेवणारे अभ्यास निराळं सांगतात. डेन्मार्कमधल्या हजारो महिला आरोग्य कर्मचाऱ्यांवर असा पाठपुरावा झाला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला: रोज पेशंट हलवणाऱ्यांना पाठीला इजा होण्याचा धोका जास्त, आणि साधनं नेहमी वापरणाऱ्यांना कमी. राहिला ताण. चाळीस पेशंट, एक सिस्टर, औषधं, इंजेक्शनं, नोंदी, चिडलेले नातेवाईक, बारा तासांची नाइट. हा ताण सिस्टरनं घरून डब्यात आणलेला नसतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका हवी. कंबरदुखीचं कारण ओझं म्हणा की ताण म्हणा, दोन्ही वाटा रिकाम्या ठेवलेल्या पदांपाशीच येऊन थांबतात. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या तेव्हा त्याची चर्चा नोकरीच्या हमीपुरती झाली. माझ्या मते तो पाठीच्या आरोग्याचाही संप होता.

दुसरं म्हणणंही मान्य करण्यासारखं आहे. व्यायामानं फायदा होतो. २०१६ साली एका मोठ्या आढाव्यात दिसलं की नियमित व्यायाम करणाऱ्यांना कंबरदुखीचा नवा झटका येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशानं घटतो, सोबत माहिती-मार्गदर्शन असेल तर त्याहून थोडा जास्तच. कंबर धरली की महिनाभर आडवं पडून राहणं हा जुना उपचार तर आता डॉक्टरही मोडीत काढतात, हालतं राहावं हेच बरं. तेव्हा योगशिक्षकांशी माझं भांडण नाही. पण त्याच आढाव्यात पुढे असंही आहे की वर्षभरानंतर नुसत्या व्यायामाचा फायदा उरलेला दिसत नाही. व्यायाम सुरू ठेवला तरच उपयोग, आणि सुरू ठेवायला रोज अर्धा तास आणि शिल्लक ताकद लागते. बदलत्या पाळ्या करून घरी स्वयंपाकाला उभ्या राहणाऱ्या बाईला हा अर्धा तास कोण देणार? रुग्णालयाला व्यायामावर एवढा विश्वास असेल तर तो ड्युटीच्या वेळेत करू द्यावा. तसं होत नाही, कारण व्याख्यान फुकट पडतं आणि वेळ देणं महाग. पट्ट्याचंही तेच. वॉर्डावॉर्डात साडीवर, युनिफॉर्मवर कमरेचे पट्टे दिसतात. निऑशनं २००० साली दुकानांत माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांना तपासून सांगितलं की पट्ट्यानं पाठीच्या इजा कमी होत नाहीत. नुसतं उचलण्याचं तंत्र शिकवून कंबरदुखी टळते का, याचा कॉक्रेन संस्थेनं २०११ साली घेतलेला आढावाही नकारार्थीच आहे. तरी दर वर्षी तेच व्याख्यान.

परिचर्येच्या इतिहासातच याचं उत्तर आहे, आणि ते विसरल्याचं मला नेहमी नवल वाटतं. सुई टोचण्याचं काय झालं ते आठवा. एके काळी सिस्टरच्या बोटात सुई गेली की तो तिचा हलगर्जीपणा असे. ‘लक्ष देऊन काम करा’ हा उपाय. मग एचआयव्ही आला, हेपॅटायटिस बीची धास्ती वाढली आणि प्रश्नाकडे बघण्याची तऱ्हाच बदलली. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका, असा नियम झाला. सुई नष्ट करायचं यंत्र वॉर्डात आलं. १९९८ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी धारदार वस्तूंसाठी न फुटणारा वेगळा डबा सक्तीचा केला, २०१६ च्या नियमांनीही तो कायम ठेवला. अमेरिकेनं २००० साली सुरक्षित सुयांसाठी वेगळा कायदा केला. सुई टोचली तर नोंद, तपासणी, प्रतिबंधक गोळ्या. सिस्टर्स तेव्हा अचानक जास्त सावध झाल्या नव्हत्या. डबा हाताशी आला होता. बोटाच्या बाबतीत जे कळलं ते कमरेच्या बाबतीत का कळत नाही? एक उत्तर मला सुचतं, ते फारसं सुखद नाही. सुईतला विषाणू सिस्टरकडून आणखी कुणाकडे जाऊ शकत होता. तिची कंबर मात्र फक्त तिचीच जाते.

कॅलिफोर्नियाच्या शेतांत हाच वाद झाला होता. तिथे लेट्यूस आणि बीटच्या शेतात मेक्सिकन मजुरांना हातभर दांड्याचं खुरपं देत. ‘एल कोर्तितो’ म्हणत त्याला. दिवसभर कमरेत वाकून काम. मळेवाल्यांचा युक्तिवाद असा की छोट्या दांड्यामुळे काम बारकाईनं होतं, लांब दांडा दिला तर रोपं मरतील, उत्पन्न घटेल. मजुरांचे वकील आणि डॉक्टर उभे राहिले, त्यांनी मणक्यांची अवस्था दाखवली आणि १९७५ साली ते खुरपं बंद झालं. शेती बुडाली नाही. लांब दांड्यानंही रोपं जगली. या गोष्टीत वाकण्याचं योग्य तंत्र मजुरांना शिकवावं असं कुणी सुचवलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी दांडा बदलला. (आपल्या शिवारातल्या बायांच्या हातातलं खुरपं अजून वीतभरच आहे. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.)

सेवाभावाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सगळ्यात नाजूक. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला, त्या अंथरुणाला खिळल्या, आणि २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना आपलं माणूस म्हणून सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरीनं घेतलं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात या सेवेची मनापासून प्रशंसा केली. अरुणाताईंना बेडसोअर (सतत पडून राहून होणारी जखम) होऊ दिला नाही, हे तेव्हा सगळीकडे लिहून आलं, आणि ते खरोखर थक्क करणारं आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर होत नाही, याचा शारीरिक अर्थ काय? पाठ्यपुस्तकातला नियम दर दोन तासांनी कूस बदलण्याचा, म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. त्याशिवाय अंग पुसणं, चादर बदलणं, भरवायला बसवणं. हे गुणाकार बेचाळीस वर्षांचे करून पाहावेत. आपण त्या सेवेवर लेख लिहिले, भाषणं केली, डोळे पुसले. ती कूस ज्यांनी बदलली त्यांच्या कमरांबद्दल कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. सेवेचं कौतुक करण्यात गैर काही नाही, पण कौतुकाच्या आड श्रम असा दिसेनासा होतो.

ज्यांच्या नावानं हे कौतुक चालतं त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्वतः याबाबतीत अजिबात हळव्या नव्हत्या. १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या छोट्या रुग्णालयाची सूत्रं हाती घेताना त्यांनी गरम पाणी नळानं वरच्या मजल्यापर्यंत यावं आणि जेवण वर चढवायला दोराचं यंत्र बसवावं, असा हट्ट धरला. अशी सोय नसेल तर नर्स म्हणजे नुसती पायांची जोडी होऊन बसते, असं त्यांनी लिहिलं. दिवा घेतलेल्या त्या मूर्तीला आपण दर वर्षी हार घालतो आणि तिनं मागितलेलं यंत्र सोयीनं विसरतो.

आता आपल्या मातीतला आक्षेप. ‘आपल्याकडे सिस्टर उचलते कुठे? मामा (कक्षसेवक) उचलतो, मावशी (आया) उचलते, नातेवाईक उचलतात.’ यात बरंच तथ्य आहे, आणि परिचारिकांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ते प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. एक्स-रेला नेताना स्ट्रेचर ढकलणारा पेशंटचा मुलगाच असतो आणि ट्रॉलीवरून खाटेवर घेताना एक कोपरा जावई धरतो. कक्षसेवक आणि आया यांच्या कमरेबद्दल तर व्याख्यानही होत नाही. त्या कंत्राटी असतील तर दुखतं म्हणायचीही सोय नाही, उद्या दुसरी येते. पण हा आक्षेप माझ्या मागणीविरुद्ध जातो की तिच्या बाजूनं? वजन सिस्टरवरून मावशीवर आणि मावशीवरून पेशंटच्या म्हाताऱ्या बायकोवर ढकललं म्हणजे ते नाहीसं झालं का? म्हणून मर्यादा हुद्द्याला लावू नये, उचलण्याच्या क्रियेला लावावी. पगारी असो, कंत्राटी असो की नात्यातला. आणि दिवसा मिळणारे हे हात रात्री दोनला कुठे असतात, तेही विचारावं.

कायद्याकडे पाहिलं तर विचित्र चित्र दिसतं. १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३४ वं कलम सांगत होतं की इजा होईल एवढं जड वजन कुणाला उचलायला लावू नये, आणि आकडे ठरवायचा अधिकार राज्यांना देत होतं. रुग्णालय हा कारखाना नव्हे. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत रुग्णालयातल्या कामामुळे होणारे संसर्ग व्यावसायिक आजार म्हणून होते, कंबर नव्हती. एका झटक्यात डिस्क सरकली तर अपघात म्हणून भांडता तरी येईल. वीस वर्षांत हळूहळू गेली तर ती तुमची. सरकारी सिस्टर मग स्वतःच्या परिवर्तित रजेतून दिवस काढते, कंत्राटी बिनपगारी. कारखाना कायद्याची जागा घेणाऱ्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं कारखान्यांपलीकडच्या आस्थापनांनाही कवेत घेतलं आहे. पेशंट हाताळण्याचा आकडा नियमांत लिहायला निदान दार तरी उघडं आहे.

आणि महाराष्ट्राला हे नवीन नाही. शंभर किलोची पोती पाठीवरून वाहणाऱ्या हमालांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलं, १९६९ साली या राज्यानं माथाडी कायदा केला, आणि पुढे गोण पन्नास किलोची असावी ही मागणी सरकारी निर्णयापर्यंत पोचली. आजही वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात पन्नास किलोच्या वरची गोण आली की माथाडी काम थांबवतात. हमालानं योगासनं करावीत, असं तेव्हा त्यांना सांगून भागलं नाही. त्यांनी गोणीचं वजन कमी करून घेतलं. एकदा का गोणीवर आकडा छापला की वाद हमालाच्या ताकदीचा राहत नाही. पेशंटला अर्थातच अर्धा करता येत नाही. मग त्याच्याभोवतीचे हात आणि साधनं वाढवावी लागतात, इतकाच फरक.

‘यंत्रं येतील आणि स्टोअरमध्ये कुलूपबंद पडतील’, हा टोमणा अनुभवातून आलेला आहे, त्याला हसण्यावारी नेता येत नाही. अनेक देशांत हेच झालं. हॉइस्ट (पेशंटला झोळीत घालून उचलणारं यंत्र) घेतला, पण तो चार्ज कुणी करायचा हे ठरलं नाही, कापडी झोळी धुवायला गेली ती परत आली नाही, आणायला-लावायला जो वेळ लागतो तेवढ्यात दोघींनी ओढून काम उरकलं. नुसतं साधन आणून टाकलं तर फरक पडत नाही, हे पुरावाही सांगतो. ब्रिटननं १९९२ साली हातांनी वजन हाताळण्याचे नियम केले, तिथल्या परिचारिकांच्या रॉयल कॉलेजनं १९९६ साली जवळपास ‘उचलणं बंद’ अशी भूमिका घेतली, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९९८ पासून परिचारिका संघटनेनं तेच धोरण पुढे रेटलं. या धोरणाचा अतिरेकही झाला. इंग्लंडमध्ये ईस्ट ससेक्समधल्या दोन तीव्र अपंग बहिणींना हातांनी उचलायला स्थानिक प्रशासनानं नकार दिला, आणि २००३ साली न्यायालयाला सांगावं लागलं की सरसकट बंदी चालणार नाही, त्या माणसांच्या प्रतिष्ठेचाही विचार करा. मला तो निकाल योग्य वाटतो. भूकंपात, आगीत, फिट आलेल्या माणसाला कुणी मर्यादेचा तक्ता दाखवणार नाही. पण अपवाद बोलायचे तर आधी नियम असावा लागतो. आपल्याकडे सगळाच अपवाद आहे.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवात हॉइस्टपासून करायची गरजच नाही. घसरत्या कापडाची स्लाइड शीट, ट्रॉलीवरून खाटेवर सरकवायची फळी, खाटांच्या हँडलला तेल आणि दुरुस्तीचा एक माणूस. ही कामं वॉर्डाच्या किरकोळ खर्चात बसतात. हात नेहमीच कमी पडतात म्हणून रात्रपाळीला दोन-तीन वॉर्ड मिळून फक्त पेशंट हलवणारी दोन माणसांची तुकडी ठेवता येते. परदेशात काही रुग्णालयांनी हे केलं आहे. जे सुईच्या बाबतीत केलं ते नोंदवहीपासून सुरू करता येतं: तारीख, पाळी, वॉर्डात त्या वेळी पेशंट किती, सिस्टर किती, काय करताना कंबर धरली. वर्षभरात कुठल्या वॉर्डात, कुठल्या तासाला इजा होतात हे अधिसेविकेच्या (मेट्रनच्या) हातात कागदावर येईल. आणि मग भत्त्याऐवजी पदं मागताना संघटनेच्या हातातही काहीतरी असेल.

मोठ्या साधनांसाठी मात्र आत्ताची वेळ चुकवू नये. राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत, त्यांच्या रुग्णालयांच्या इमारतींचे आराखडे होत आहेत, निविदा निघत आहेत. हॉइस्टचा रूळ छतात बसवायचा तर स्लॅब पडण्याआधी सांगावं लागतं. हॉइस्ट आत जाईल एवढा बाथरूमचा दरवाजा, खाटेच्या दोन्ही बाजूंना उभं राहायला जागा, उंची बदलणारी खाट, हे नंतर करायला गेलं तर भिंती फोडाव्या लागतात. वॉर्डाचा नकाशा मंजूर करताना आज वास्तुविशारदाची सही लागते, अधिष्ठात्यांची लागते, बांधकाम खात्याची लागते, अग्निशमनाची लागते. त्यात अधिसेविकेच्या सहीचा एक रकाना वाढवायला विधिमंडळाचं अधिवेशन लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.